वरच्या बाईंचं मत

मोहम्मद बिन झायद सिटीत आम्ही काही हौसेने राहायला आलो नव्हतो. दुबईत आमचं बरं चाललं होतं. मी जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कन्सल्टन्सीत एचआर सांभाळत होते, नवरा एका कन्स्ट्रक्शन कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होता. मग २००८ ची मंदी आली. काही महिने मी लोकांना केबिनमध्ये बोलावून त्यांची नोकरी गेल्याचं सांगत होते. पुढे मलाही एका केबिनमध्ये बोलावलं गेलं. नवऱ्याची नोकरी वाचली, पण कंपनीने दुबईची साइट बंद केली आणि त्याला अबूधाबीजवळ मुसफ्फाच्या यार्डात पाठवलं. यार्डापासून सगळ्यात जवळची, कुटुंबाने राहण्यासारखी जागा म्हणजे ही सिटी. नुसती नावाला सिटी. रांगेने एकसारखे व्हिला आणि मध्ये मध्ये वाळू.

आमचा व्हिला एका अमिराती गृहस्थाचा होता. त्याने आत पार्टिशनं घालून तीन घरं केली होती. पुढच्या भागात आम्ही. मागच्या भागात श्रीवर्धनचं एक कुटुंब. त्यातल्या भाभी माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, आखातात आयुष्य गेलेल्या, आणि त्यांच्या तोंडची कोकणातली मराठी ऐकली की मला घरी गेल्यासारखं वाटायचं. वरचा मजला बरेच दिवस रिकामा होता. मग एका सप्टेंबरमध्ये तिथे बाई राहायला आल्या.

बाई अमेरिकन होत्या. साठी ओलांडलेल्या, उंच, पांढरे केस अगदी आखूड कापलेले. पहिली ओळख झाली ती पाण्यामुळे. गच्चीवरची टाकी रिकामी झाली होती, नातूर, म्हणजे व्हिलाचा राखणदार, फोन उचलत नव्हता, आणि आम्ही तिघी बायका भर उन्हात कंपाउंडमध्ये उभ्या. बाईंच्या केसांना अजून शाम्पूचा फेस होता. मी आमच्या फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या आणि त्यांनी तिथेच, नळाशेजारी वाकून, गार पाण्याने डोकं धुतलं. मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "आता मला तुझं नाव कळायला हवं."

त्या जन्मभर शिक्षिका होत्या, म्हणून मी त्यांना बाई म्हणायला लागले. या शब्दाचा अर्थ मी त्यांना समजावून सांगितला तेव्हा त्या खूष झाल्या. त्यांच्या राज्यातल्या एका लहानशा गावात, मक्याच्या शेतांमध्ये असलेल्या शाळेत त्यांनी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं होतं. रिटायर झाल्या आणि लगेच शेअर बाजार कोसळला. पेन्शनीतली त्यांची बचत त्यातच होती. पुन्हा काम शोधणं भाग पडलं, पण तिकडे तरुण शिक्षकांनाच घरी पाठवत होते. इथे अबूधाबीत मात्र सरकारी शाळांना इंग्रजी शिकवणारे हवे होते. म्हणून ज्या वयात बायका नातवंडं खेळवतात त्या वयात बाई मुलींच्या सरकारी शाळेत नोकरीला लागल्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं.

ऑक्टोबर लागला की इथली संध्याकाळ बाहेर बसण्याजोगी होते. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्या कंपाउंडच्या भिंतीशी टाकून चहा घ्यायचो. अशाच एका संध्याकाळी बाई म्हणाल्या, "या वर्षी आमच्याकडे गव्हर्नरची निवडणूक आहे. आणि खुर्ची रिकामी आहे."

"रिकामी म्हणजे?"

"आहे तो गव्हर्नर दोनदा निवडून आलाय. नियमाने त्याला पुन्हा उभं राहता येत नाही. खुर्चीत बसलेला माणूस उभा असला की लोक त्याच्याबद्दलच मत देतात. ठेवायचा की काढायचा, एवढंच. खुर्ची रिकामी असली की लोकांना खरा विचार करावा लागतो."

मी म्हटलं, "आमच्याकडे राज्यपालाला निवडणूक नसतेच. दिल्लीहून नेमतात. मोठा बंगला, झाडं, मोर, आणि शपथविधी."

बाईंना मोर फार आवडले. "आमच्या गव्हर्नरला मोर नाहीत," त्या म्हणाल्या. "पण रस्ते, तुरुंग, शाळा, सगळं त्याच्या हातात असतं."

"म्हणजे मुख्यमंत्री!"

"तसं समज." मग चहाचा कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ उभा आहे."

शेजारी घराला रंग काढताहेत, असं सांगावं तितक्या साध्या आवाजात त्यांनी हे सांगितलं. मी आत जाऊन नवऱ्याला बोलावून आणलं. त्याला पुन्हा सांगायला लावलं. नवरा म्हणाला, "मॅडम, तुमचा भाऊ मुख्यमंत्री होणार आणि तुम्ही आमच्या डोक्यावर राहता? टाकीचा प्रॉब्लेम त्यांनाच सांगू या."

बाई हसल्या, पण नेहमीसारख्या नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्याच्या विरोधात जी उभी आहे ती माझी विद्यार्थिनी."

हळूहळू सगळी गोष्ट कळली. भाऊ बाईंपेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा बाईंनीच त्याला वाढवलं, वाचायला शिकवलं. पुढे त्याने वडिलांचा धान्याचा व्यवसाय वाढवला, राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला, नाव कमावलं. बायको काही वर्षांपूर्वी वारली. त्यांच्या घराण्यात आजोबांपासून एकाच पक्षाला मत द्यायची रीत. विद्यार्थिनी दुसऱ्या पक्षाची, बाईंच्याच वर्गात शिकलेली, पुढे वकील झालेली. गावातल्या एका शिक्षिकेच्या हाताखालून दोन्ही उमेदवार गेले, याचं तिकडच्या पेपरवाल्यांना मोठं कौतुक होतं.

मंदीने राज्याची तिजोरी खाली केली होती. भावाचं म्हणणं, खेड्यातल्या छोट्या शाळा एकत्र करायच्या, तीन-चार गावांची मिळून एक मोठी शाळा ठेवायची, म्हणजे बाकीचं वाचेल. विद्यार्थिनीचं म्हणणं, दुसरं काहीही कापा, शाळांना हात लावू नका. बंद होणाऱ्यांत बाईंची शाळाही होती.

"तो वाईट आहे का?" मी विचारलं.

"छे! तो चोर नाही, खोटारडा नाही. त्याने कुणाचं कधी वाईट केलं नाही. त्याचं या बाबतीत चुकतंय, एवढंच."

इथे टपाल घरी येत नाही, कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये येतं. बाईंच्या शाळेच्या बॉक्सचा काही भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी मतपत्रिकेसाठी माझ्या नवऱ्याच्या कंपनीचा पत्ता दिला होता. एका दुपारी नवरा मुसफ्फाहून आला तो वेल्डिंगच्या सामानाची बिलं आणि तो लिफाफा एकत्रच घेऊन. लिफाफा आमच्या डायनिंग टेबलावर रात्रभर होता. आमची दहा वर्षांची मुलगी त्याच्याभोवती फिरत होती. "डोन्ट टच इट, इट्स अ व्होट," असं तीच आम्हाला बजावत होती.

दुसऱ्या दिवशी बाई तो घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, "मला तुझ्या फोनवरून भावाशी बोलू देशील?" त्यांच्या मजल्यावर अजून लाइन आली नव्हती, इंटरनेटवरून बोलणं इथे बंद, आणि मोबाइलवरून अमेरिकेला बोलायचं म्हणजे बाईंना नको वाटायचं. माझ्याकडे कॉलिंग कार्ड होतं. तीस दिरहमचं, म्हणजे आपले पावणेचारशे रुपये. त्यावर मी पुण्याला आठवडाभर पुरवून पुरवून बोलायचे. ते मी त्यांना दिलं आणि स्वयंपाकघरात गेले. पण आमचं स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये होतं ते मालकाने घातलेलं प्लायवूडचं पार्टिशन. ऐकू नये म्हटलं तरी सगळं ऐकू येत होतं.

आधी इकडचं तिकडचं झालं. हवा, गुडघा, कोण्या मावशीचं आजारपण. मग भावाने काहीतरी विचारलं असावं. बाईंची खुर्ची करकरली. मग म्हणाल्या, "तू विचारतोयस म्हणून सांगते. माझं मत तिला आहे."

मी कांदा चिरत होते, ती सुरी तशीच धरून उभी राहिले.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी पेपरवाल्यांना काही सांगणार नाही. तिलाही नाही. ती मला विचारत होती, तुमचं नाव माझ्या पत्रकावर घालू का. मी नको म्हटलं. हे फक्त तुला सांगतेय." त्याने पुन्हा काहीतरी विचारलं असावं. "हो, अगदी शाळेसाठीच. तुला ते पहिल्यापासून माहीत आहे." आणि मग, जरा हळू, "तू जेवतोस का नीट? आवाज बसलाय तुझा."

फोन ठेवल्यावर त्या तशाच बसून राहिल्या. मी चहा केला. त्या म्हणाल्या, "तू ऐकलंस."

मी म्हटलं, "हो."

"बरं झालं. मला पुन्हा सांगावं लागणार नाही."

त्या दिवशी आमच्या व्हिलात दुसरा विषय नव्हता. नवरा म्हणाला, "तत्त्व वगैरे सगळं ठीक आहे. पण सांगायची काय गरज होती? मत गुप्त असतं ना? गुपचूप द्यायचं आणि भावाला म्हणायचं, ऑल द बेस्ट."

मला तर मत दिलं हेच पचत नव्हतं. माझा भाऊ सोसायटीच्या चेअरमनपदाला उभा राहिला तरी मी देव पाण्यात बुडवून बसले असते. तो चुकतोय की बरोबर आहे, हा प्रश्नच मनात आला नसता.

मागच्या घरातल्या भाभी मात्र वेगळंच म्हणाल्या. दाराशी उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दुपट्टा नीट केला आणि म्हणाल्या, "मत दिलान ते दिलान. पन त्याला तोंडावर सांगितलान, म्हंजे तिचा भाऊस तो. परक्याला कोन सांगतंय?"

चार दिवसांनी मी बाईंना गाडीने पोस्टात घेऊन गेले. इथल्या राउंडअबाउटची त्यांना धास्ती होती, त्यामुळे त्या गाडी चालवत नसत. वाटेत त्यांनी विचारलं, "तुझं मत कुठे असतं?"

"कुठेच नाही."

"म्हणजे?"

मी सांगितलं. लग्नाआधी साताऱ्यात एकदा मत दिलं होतं, त्याची शाई बोटावर बरेच दिवस होती. मग लग्न होऊन पुण्याला, तिथून दुबईला. पुण्याच्या यादीत नाव कधी चढलंच नाही. आणि चढलं असतं तरी आमच्याकडे टपालाने मत पाठवता येत नाही, तिथे जाऊन उभं राहावं लागतं. इथे तर आम्ही पाहुणे. व्हिसा असेतो राहायचं.

बाई काचेबाहेर बघत होत्या. पोस्टातल्या काउंटरवर त्यांनी लिफाफा दिला, पावती घेतली, पर्समध्ये नीट ठेवली, आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "एवढं मोठं गाव, सगळी प्रौढ माणसं, आणि कुणालाच मत नाही. मी इथल्या मुलींना नागरिकशास्त्र शिकवत नाही तेच बरं."

निकाल आला तो आमच्या दिवाळीच्या तोंडावर. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची सकाळ. मुलगी शाळेत गेली होती, नवरा यार्डात. मी चकलीची भाजणी मळत होते आणि बाई माझ्या लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. त्यांनी शाळेतून रजा घेतली होती. स्क्रीनवर त्यांच्या राज्याचा नकाशा होता, त्यात एकेक चौकोन रंगत होता. विद्यार्थिनी आधी पुढे होती. शहरांची मतं मोजून झाली आणि खेड्यांची यायला लागली तसा भाऊ पुढे सरकला.

"गंमत बघ," बाई म्हणाल्या. "ज्या गावांच्या शाळा तो बंद करणार, तीच त्याला निवडून देताहेत."

"का?"

"त्यांना तो आवडतो. मलाही आवडतो."

दहाच्या सुमाराला तो जिंकल्याचं जाहीर झालं. स्क्रीनवर तो स्टेजवर आला. उंच, बाईंसारखंच नाक, टाय सैल केलेला. मी पिठाच्या हातांनीच बाईंचा खांदा धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आनंदाचं की कशाचं, मी विचारलं नाही. विद्यार्थिनीचं पराभवानंतरचं भाषण आलं तेव्हाही त्या तशाच रडत होत्या. मग त्यांनी तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "मला तो साचा दे. तुला दोन हातांनी नाही जमणार." आणि आम्ही चकल्या पाडल्या.

माझ्या सासूबाईंना पुण्याला फोनवर कळवलं तेव्हा त्यांनी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं की, राज्यपालांची सख्खी बहीण आमच्या मुलाच्या घरात वर राहते. त्यांच्या डोळ्यांसमोर राजभवन आलं असणार. नातूर, जो कधी फोन उचलत नसे, तो रोज सकाळी बाईंना विचारायला लागला, "मॅडम, पानी ठीक है?" टाकी त्यानंतर एकदाही रिकामी झाली नाही.

भाऊबीजेला मी साताऱ्याला फोन लावला. भाऊ पुण्याहून आईकडे आलेला होता. आमच्यात एक विषय महिनाभर चालू होता. आईने साताऱ्याचं घर सोडून पुण्याला त्याच्या फ्लॅटमध्ये राहायला यावं असं त्याचं म्हणणं होतं. आईला यायचं नव्हतं. ती मला एकटीला तसं म्हणाली होती. मी मात्र भावाला दर वेळी म्हणत आले होते, "तू म्हणशील तसं." आपण लांब बसलेले, करणारा तो, आपण कशाला बोला.

त्या दिवशी ओवाळणीच्या गप्पा झाल्या आणि त्याने पुन्हा तोच विषय काढला. "डिसेंबरमध्ये आईला नेतो," तो म्हणाला. "तुला चालेल ना?"

मी म्हटलं, "नाही चालणार, दादा. तिला यायचं नाहीये."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. आणि मलाही पटतं. तिच्या मैत्रिणी तिथे आहेत, देऊळ आहे, डॉक्टर ओळखीचा आहे. पुण्यात ती दिवसभर बंद दाराआड बसेल."

"तिथे बसून बोलणं सोपं असतं," तो म्हणाला. "रात्री तिचं बीपी वाढलं तर धावायचं कुणी?"

"तूच धावणार. ते मला माहीत आहे. तरी मला तसंच वाटतं."

त्याने फोन आईकडे दिला. पंधराएक दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मला फार वाईट वाटत होतं. रोज फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. मग त्याचाच फोन आला. कामाची बाई पूर्ण दिवसाची ठेवली आहे, असं म्हणाला. आई आणखी दोन वर्षं साताऱ्यात राहिली. मग एका पावसाळ्यात तिने स्वतःच त्याला सांगितलं, "आता ने मला." आम्ही दोघं त्यावर पुन्हा कधी भांडलो नाही.

डिसेंबरात बाईंना भावाचा फोन आला. आता त्यांच्या मजल्यावर लाइन आली होती, त्यामुळे या वेळी मी काही ऐकलं नाही. त्या जिना उतरून आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"जानेवारीत त्याचा शपथविधी आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे शपथ घेताना धर्मग्रंथावर हात ठेवतात. तो ग्रंथ घरातलं कुणीतरी हातात धरून उभं राहतं. बायको असली तर बायको. तो म्हणतोय, तू धर."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मी तुला मत दिलेलं नाही. विसरलास का? तर म्हणतो, विसरलो नाही. मला मत दिलेले सगळे स्टेजवर असणारच आहेत. एक तरी न दिलेलं असू दे."

मला हसू आलं. भाभींना हाक मारली. भाभींनी ऐकल्याबरोबर विचारलं, "आनी थंडीचं काय? तिकडं बरफ असतंय ना?"

खरंच, बाईंकडे गरम कपडे नव्हते. तिकडचं घर आवरताना सगळे वाटून टाकले होते. वाळवंटात कोट कशाला लागतो! मग आम्ही दोघी त्यांना घेऊन मॉलमध्ये गेलो. तिथे कोट होते, पण इथल्या एसीसाठी असतात तसे, नाजूक. शेवटी भाभींच्या मुलाने हमरिया फ्री झोनमधल्या त्याच्या कंपनीतून कोल्ड स्टोअरेजच्या कामगारांचं जाड जॅकेट आणून दिलं, निळं, पाठीवर चमकत्या पट्ट्या असलेलं. विमानतळापासून घरापर्यंत ते घालायचं ठरलं. समारंभासाठी मी माझी काश्मिरी शाल दिली, लग्नात आत्याने दिलेली, गडद किरमिजी रंगाची.

शपथविधीचे फोटो आम्ही लॅपटॉपवर पाहिले. बर्फाने पांढरं झालेलं अंगण, मोठी दगडी इमारत, पायऱ्यांवर माणसं. भावाचा हात वर. त्याच्यासमोर बाई, दोन्ही हातांत ग्रंथ, खांद्यावर माझी शाल. सासूबाईंना तो फोटो मेलने पाठवला. त्यांनी फोन करून विचारलं, "शाल तुझीच ना गं?" आणि मी हो म्हटल्यावर म्हणाल्या, "तरीच म्हटलं, अंगावर शोभून दिसतेय."

आम्हा सगळ्यांना वाटलं होतं की बाई आता परत येणार नाहीत. भाऊ एवढा मोठा झाला, सरकारी बंगल्यात एकटाच राहणार. तिकडे राहायला जातील. नवऱ्याने तर मालकाला वरच्या मजल्याबद्दल विचारायचंही ठरवलं होतं, आमची जागा अपुरी पडत होती. पण सुट्टी संपायच्या आधी बाई हजर. बॅगेत मुलीसाठी पुस्तकं, भाभींसाठी मक्याच्या पिठाची पिशवी.

"राहिला नाहीत?" मी विचारलं.

"त्याने खूप आग्रह केला. पण माझा इथल्या शाळेशी करार आहे. आणि त्याच्या घरात बसून त्याच्याच विरोधात बोलणं बरं दिसणार नाही."

बोलण्यासारखं पुढे घडलंच. पहिल्या वर्षातच त्याने शाळा एकत्र करण्याचा कायदा करून घेतला. यादीत बाईंची शाळा होती. बातमी आली त्या दिवशी बाई शाळेतून थेट आमच्याकडे आल्या आणि बुटांसकट सोफ्यावर बसल्या. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"त्याने सांगितलं होतं आणि त्याने केलं," त्या म्हणाल्या. "मला नवल वाटायचं कारण नाही. तरी वाटतंय."

मी म्हटलं, "तुम्ही तो ग्रंथ हातात धरलात, तेव्हा वाटलं नव्हतं का की तो ऐकेल?"

"थोडंसं वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "बहिणींना वाटतं."

त्या वर गेल्या. संध्याकाळभर वरून त्यांचा आवाज येत होता, चढलेला. शब्द कळत नव्हते, पण वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला झापावं तसा सूर होता. मग आवाज खाली आला. मग एकदा हसल्यासारखंही ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, चूक असेन तर चार वर्षांनी लोक सांगतील. मी म्हटलं, मी आजच सांगते. तासभर भांडलो. मग म्हणाला, उन्हाळ्यात येशील तेव्हा अंगणातल्या टोमॅटोंचं काय करायचं ते सांग, मला काही कळत नाही त्यातलं."

"आणि तुम्ही जाणार?"

"टोमॅटो लावायला मीच सांगितलं होतं ना! जायला हवं."

बाई आणखी दोन वर्षं आमच्या वर राहिल्या. दर शुक्रवारी सकाळी त्यांचा भावाला फोन असायचा. शाळेवरून भांडण व्हायचं आणि गुडघ्यावरून, जेवणावरून चौकशी व्हायची. विद्यार्थिनीचीही पत्रं यायची. ती पुन्हा वकिली करू लागली होती आणि बंद झालेल्या शाळांच्या गावांतर्फे कोर्टात गेली होती. दोन गावांच्या शाळा तिने परत उघडायला लावल्या. बाईंची त्यात नव्हती.

मग नगरपालिकेचा हुकूम आला की, व्हिलात पार्टिशनं घालून भाडेकरू ठेवता येणार नाहीत. मालक येऊन म्हणाला, "खलास, पुढच्या महिन्यात सगळं तोडायचंय." भाभींचं कुटुंब शारजाला गेलं, मुलाच्या जवळ. आम्हाला मुसफ्फाच्याच बाजूला एक फ्लॅट मिळाला. बाईंचा करार त्याच सुमाराला संपत होता. त्या घरी परत गेल्या, पण भावाकडे नाही. स्वतःच्या गावात एक छोटं घर भाड्याने घेतलं. सामान बांधताना त्यांनी शाल धुऊन, इस्त्री करून माझ्यासमोर ठेवली. मी ती परत त्यांच्या बॅगेत टाकली. त्यांनी पुन्हा काढली नाही.

पार्टिशन तोडायला माणसं आली त्या दिवशी मी काही राहिलेल्या वस्तू घ्यायला गेले होते. प्लायवूड निघाल्यावर खालचा हॉल केवढा मोठा आणि उजेडाचा होता ते पहिल्यांदा दिसलं.

बाईंची मेल अजून येते. मतदानाच्या दिवशी त्या गावातल्या केंद्रावर काम करतात, आलेल्या माणसांची नावं तपासून त्यांना मतपत्रिका देतात. भाऊ आता गव्हर्नर नाही. तो पुन्हा धान्याच्या व्यवसायात आहे आणि रविवारी बहिणीकडे जेवायला येतो. मागच्या मेलमध्ये त्यांनी लिहिलं होतं की, या वर्षी टोमॅटोवर कीड पडली, भावाने चुकीचं औषध मारलं, आणि त्यावरून दोघांचं दोन दिवस बोलणं नव्हतं.